खोलीचा घुमारा उतरवताना: घरच्या स्टुडिओच्या नोंदी

६ जानेवारी

खोली आजपासून स्टुडिओची. पलंग गेला, कपाट गेलं, पडदे उतरले. रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, तर तिच्यामागे 'टर्रर्र' असा धातूसारखा शेपटा आला. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा येरझारा घालतो, त्याचा हा शेपटा. भिंती ३.१ मीटर अंतरावर आहेत, म्हणजे जाऊन-येऊन ६.२ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५५ फेऱ्या.

मापं लिहून ठेवतो. लांबी ४.२ मीटर, रुंदी ३.१, उंची २.७. खाली फरशी, वर स्लॅब, चारही भिंतींना गिलावा. उजव्या भिंतीत दोन पल्ल्यांची खिडकी, दार मागच्या उजव्या कोपऱ्यात. इथे दोन गोष्टी ध्वनिमुद्रित होणार: ताईचं पुस्तकवाचन आणि माझा तबला. मिक्सिंगही, म्हणजे मुद्रित आवाजांचा मेळ बसवणंही, इथेच.

एक गोष्ट पहिल्याच पानावर असलेली बरी, कारण घरात तीनदा विचारून झालं आहे. आपण खोली साउंडप्रूफ करत नाही आहोत. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत, बुजवलेल्या फटी, घट्ट बसणारं दार लागतं. हे काम आतला आवाज आत कसा वागतो त्याचं आहे. भिंतीवर आवाज शोषणारे कितीही पॅनल टांगले तरी माझा डग्गा शेजारच्या खोलीत ऐकू जायचा तो जाणारच.

७ जानेवारी

गेल्या वर्षी पुढच्या भिंतीला चिकटवलेला फोम काढला. पिरॅमिडच्या आकाराचे, २५ मिलिमीटर जाडीचे तुकडे. "हे लावा, घुमणं बंद," असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं आणि मी काही न मोजता विश्वास ठेवला. गोंद इतका पक्का की तुकड्यांबरोबर गिलाव्याचे पापुद्रे निघाले. पुट्टी लावून भिंत नीट करण्यात दुपार गेली.

त्या फोमचं नेमकं काय चुकलं ते मला नंतर कळलं. भिंतीला आवाज आदळतो तिथे हवेचा दाब सर्वांत जास्त, पण हवेची हालचाल जवळजवळ शून्य. सच्छिद्र वस्तू आवाज खाते ती हालणाऱ्या हवेला घासून. हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झसाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्झसाठी तब्बल ८६. अडीच सेंटिमीटरचा फोम त्यामुळे फक्त वरची चमक खातो, खालचा घुमारा आहे तसा ठेवतो. खोली शांत वाटते, पण तिथे ऐकून केलेलं मिक्स बाहेर कुठेही वाजवलं की गोंधळ.

दुसरं कारण आगीचं. साधा पॉलियुरेथेन फोम भयंकर वेगानं पेटतो. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीनं भिंतीवरचा असा फोम पेटला आणि १०० माणसं गेली. घरातल्या बंद खोलीत, वायरींच्या शेजारी, मला ही वस्तू नको.

९ जानेवारी

आज फक्त मोजलं. रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारा मापनाचा माइक कानाच्या उंचीवर, जमिनीपासून १.२ मीटरवर उभा केला आणि २० ते २०,००० हर्ट्झचा चढता सूर स्पीकरमधून सोडला. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर, कारण तिथे बसायला छान वाटत होतं.

आलेख पाहून घाम फुटला. ८२ हर्ट्झवर १३ डेसिबलचा डोंगर, १०० वर १६ डेसिबलचा खड्डा, ४१ च्या आसपास काहीच नाही. डग्ग्यावर 'घे' वाजवून घिस्सा दिला, म्हणजे मनगट कातड्यावर घासत पुढे नेलं, की सूर चढताना मधेच एका जागी फुगायचा आणि लगेच पुढे नाहीसा व्हायचा. इतके दिवस मी तो हाताचा दोष समजत होतो. मनगट जास्त दाबतोय म्हणून रियाज बदलला होता!

१० जानेवारी

रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला. त्याला लांबीच्या दुपटीनं भागलं: ३४३ भागिले ८.४, म्हणजे ४१ हर्ट्झ. हा लांबीचा पहिला मोड, म्हणजे त्या दोन भिंतींमध्ये नेमका बसून घुमत राहणारा सूर. दुसरा त्याच्या दुप्पट, ८२. रुंदीचा पहिला ५५, उंचीचा ६३ किंवा ६४.

पहिल्या मोडचा दाब दोन टोकांच्या भिंतींशी सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य असतो. दुसऱ्याचा मध्यावर पुन्हा भरपूर. मी नेमका मध्यावर बसलो होतो. ४१ तिथे ऐकूच येणार नव्हता आणि ८२ डोक्यावर बसणार होता. आलेखातली दोन कोडी एका भागाकारात सुटली. उरला १०० चा खड्डा.

११ जानेवारी

तो खड्डा खोलीचा नव्हता, स्पीकर ठेवण्याचा होता. बेसचे, म्हणजे खालचे, सूर स्पीकरच्या मागेही पसरतात, पुढच्या भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकरचा पडदा भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर होता. जायचे ८५, यायचे ८५, मिळून १.७ मीटर, १०० हर्ट्झची बरोबर अर्धी तरंगलांबी. परतलेला आवाज थेट आवाजाच्या उलट पडतो आणि दोघं एकमेकांना पुसतात. हा खड्डा इक्वलायझरनं, म्हणजे तो सूर यंत्रात वाढवून, भरत नाही, कारण स्पीकरमधून जितकं जास्त द्याल तितकंच जास्त परत येऊन पुसलं जातं.

स्पीकर मागे सरकवून पडदा ४० सेंटिमीटरवर आणला. पुसणं आता २१४ हर्ट्झवर गेलं. तिथे तरंगलांबी लहान, म्हणजे भिंतीवरचा जाड पॅनल ते खाऊ शकतो. खुर्ची पुढच्या भिंतीपासून १.६ मीटरवर आणली. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसा, असा या धंद्यातला एक अंदाज आहे. तो काही वेद नाही, तिथून सुरुवात करून माइक दहा-दहा सेंटिमीटर पुढे-मागे नेत ऐकायचं. माझ्या खोलीत १.६ वरच बरं वाटलं. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू १.३९ मीटर.

एकही वस्तू विकत न घेता आलेख निम्मा सुधारला. आधी हे केलं असतं तर तो फोम आणलाच नसता.

१२ जानेवारी

आता किती शोषण लागेल त्याचा हिशोब. मधल्या सुरांत आवाज ६० डेसिबल उतरायला खोलीत ०.८ सेकंद लागतात. मला ०.३ च्या आसपास हवं.

हा हिशोब ज्या सूत्रानं होतो ते वॉलेस सॅबिन यांचं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं या तरुण प्राध्यापकाला आपल्या नव्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा उचलून आणायचे, ऑर्गनच्या नळीचा सूर सोडायचे आणि स्टॉपवॉच घेऊन तो किती वेळ ऐकू येतो ते मोजायचे. सकाळच्या आत उशा परत जागेवर. उशा वाढवल्या की वेळ किती कमी होतो, त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायला त्यांनी निवडलेलं माप मला फार आवडतं: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक पूर्ण माप.

खिडकी माझ्याकडेही आहे, १.२ बाय १.२ मीटरची. दोन्ही पल्ले सताड उघडले आणि पुन्हा मोजलं. सूत्राप्रमाणे ०.८ चे ०.६७ व्हायला हवे होते. माइकनं ०.६८ दाखवले. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच. सव्वाशे वर्षांपूर्वी उशा वाहणारा माणूस शेजारी उभा आहे असं वाटलं.

हिशोब असा: खोली ३५ घनमीटर. ०.८ सेकंद म्हणजे आज शोषण ७ चौरस मीटर. ०.३ साठी जवळजवळ १९ हवं. म्हणजे आणखी १२. हे सूत्र मधल्या आणि वरच्या सुरांना चालतं. या खोलीत ३०० हर्ट्झच्या खाली मोडचं राज्य, तिथे सरासरी काढून भागत नाही. तिथलं काम कोपऱ्यातल्या जाड सापळ्यांचं, म्हणजे खालचे सूर खाणाऱ्या जाड थरांचं.

१७ जानेवारी

रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, आलं. ३२ स्लॅब, प्रत्येकी १२०० बाय ६०० बाय १०० मिलिमीटर, घनमीटरला ४८ किलो. एक स्लॅब साडेतीन किलो भरतो. २१ स्लॅब कोपऱ्यांसाठी, ११ पॅनलसाठी.

१९ जानेवारी

रॉकवूल कापायला करवत नको, पावाची दातेरी लांब सुरी उत्तम चालते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, एन ९५ मास्क. तरी मनगट आणि मोज्यामधली दोन बोटं जागा उघडी राहिली आणि तिथे रात्रभर चुणचुणलं. कामानंतर अंग थंड पाण्यानं धुवायचं. कामाचे कपडे वेगळे धुवायचे.

आईला काळजी होती की हे ॲस्बेस्टॉससारखं तर नाही. नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००१ च्या फेरआढाव्यात उष्णतारोधनासाठी वापरलं जाणारं रॉकवूल आणि ग्लासवूल तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं असं ठरवता येत नाही, असा गट. खाज मात्र खरी आहे, आणि तंतू उघडे ठेवायचे नाहीत. पॅनल सगळ्या बाजूंनी कापडात बंद.

२१ जानेवारी

चौकटी. सुतारकाकांनी १२ मिलिमीटर प्लायच्या १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून दिल्या. पहिली चौकट मी ठोकली, गुण्या लावून पाहिला, काटकोन बरोबर. काकांनी नुसती टेप धरून दोन्ही कर्ण मोजले. एक १३७, दुसरा १३८ ला थोडा कमी.

"कोपरा बघून फसाल, कर्ण खोटं बोलत नाही," काका म्हणाले. "दोन्ही सारखे आले की मगच दुसरा स्क्रू पिळा."

त्यानंतरच्या दहाही चौकटींचे कर्ण १३७.४ वर आणले. मागची बाजू उघडी, फक्त दोन आडव्या पट्ट्या. मागे प्लायचा पत्रा ठोकला तर भिंतीकडून परतणारा आवाज आत शिरणार कुठून?

२३ जानेवारी

चूक. सोफ्याचं जाड कापड आणलं होतं, रंग सुरेख. तीन पॅनल स्टेपल गननं मढवूनही झाले. ताई खोलीत आली, पॅनलजवळ तोंड नेऊन बोलली आणि म्हणाली, "अरे, हा तर भिंतीसारखाच बोलतोय."

कापड उलटून पाहिलं तर मागे रबरासारखा पातळ थर. तोंडाला लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे जाईना. जिथून हवा जात नाही तिथून वरचे सूर जात नाहीत. दुकानात उभ्या उभ्या दोन सेकंदांत करायची परीक्षा मी केली नाही. सगळे स्टेपल पक्कडीनं उपटले, एकूण दोनशेच्या वर. नवं कापड सैल विणीचं सुती, ओठांना लावून फुंकलं की पलीकडे तळहाताला वारा लागतो.

२६ जानेवारी

कोपऱ्यांचे सापळे. प्रत्येक स्लॅबचे आधी दोन चौरस, मग चौरसाचे दोन त्रिकोण. एका स्लॅबचे चार. १० सेंटिमीटर जाडीचे त्रिकोण एकावर एक रचत जमिनीपासून छतापर्यंत २७. सात स्लॅबांत एक कोपरा भरतो आणि एक त्रिकोण उरतो. पुढचे दोन कोपरे आणि मागचा डावा, असे तीन. चौथ्यात दार.

कोपऱ्यातच का, तर सगळे मोड कोपऱ्यात येऊन मिळतात. भिंतीपासून दूर जाड थर देणं घरात परवडत नाही, कोपऱ्यात मात्र ६० सेंटिमीटर भुजांचा त्रिकोण ठेवला की मधोमध ४२ सेंटिमीटर जाडी आपोआप मिळते.

२८ जानेवारी

आरशाचं काम. मी खुर्चीत बसलो, ताई डाव्या भिंतीला आरसा चिकटवून सरकवत गेली. आरशात स्पीकर दिसला की "थांब". तिथे पेन्सिलीची खूण. आवाजही मधल्या-वरच्या सुरांत आरशातल्या उजेडासारखाच परततो, म्हणून ही युक्ती चालते. जवळच्या स्पीकरची खूण पुढच्या भिंतीपासून ८३ सेंटिमीटरवर पडली, दूरच्याची १११ वर. शेजारी-शेजारी दोन पॅनल लावले की दोन्ही झाकल्या जातात. भिंत आणि पॅनलमध्ये १० सेंटिमीटर पोकळी ठेवली. जितकी हवेची पोकळी, तितकं खालपर्यंत शोषण, आणि हवा फुकट.

उजवीकडे नेमकी त्याच जागी खिडकी. जाड पडदा लावून भागेल असं सगळे म्हणतात, पण पडदा वरचेच सूर खातो आणि मग डावा-उजवा कान वेगळ्या खोल्यांत बसतो. उजवे दोन पॅनल लाकडी पायांवर उभे केले, खिडकीसमोर. हवा हवी तेव्हा उचलून बाजूला.

२ फेब्रुवारी

पुढच्या डाव्या सापळ्यावर सहज टकटक केली तर वरच्या टोकाला पोकळ आवाज. कापडाची चौकट काढली. सगळ्या थराचं वजन, साधारण २४ किलो, खालच्या त्रिकोणांवर बसून ते दबले होते आणि वर आठ सेंटिमीटर जागा मोकळी पडली होती. तिन्ही सापळे पुन्हा उतरवले. आता दर ९० सेंटिमीटरला दोन भिंतींना पट्ट्या आणि त्यावर तारेची जाळी, म्हणजे नऊ-नऊ त्रिकोणांचे तीन मजले. उरलेले त्रिकोण वरच्या फटीत गेले. घाई केली नसती तर एकदाच झालं असतं.

४ फेब्रुवारी

छताचे दोन पॅनल. प्रत्येक साडेसहा किलो, आणि माणसाच्या डोक्यावर. सुतारकाकांनी स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारले, चार कोपऱ्यांना चार साखळ्या, शिवाय मधून एक वेगळी तार दुसऱ्याच बोल्टला. "चार साखळ्या पुरतात, पण पाचवी झोपेसाठी," काका म्हणाले.

लावण्याआधी आणि नंतर मोजलं. थेट आवाजानंतर ५.६ मिलिसेकंदांनी एक टोकदार काटा दिसत होता, तो छताचा. बाजूच्या भिंतींचा ३.८ वर होता. दोन्ही काटे आता थेट आवाजापेक्षा २० डेसिबल खाली. स्पीकरच्या मधोमध आवाज बोटानं दाखवता येईल इतका एका जागी आला. ०.८ मिलिसेकंदांवर मात्र एक काटा उरलाच होता. तो टेबलाचा. त्याला पॅनल लावता येत नाही. स्पीकर टेबलावरून उतरवून मागे स्टँडवर ठेवले, टेबल अरुंद केलं. थोडा उरला, राहू दे.

७ फेब्रुवारी

पुढच्या भिंतीला स्पीकरमागे दोन, मागच्या भिंतीला तीन. सगळं लागलं. तबला काढला.

डग्गा आता सरळ आहे. घिस्सा खालून वरपर्यंत एका वजनात जातो. पण चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, 'ना' मेला. त्याची ती खणखणीत धार, शाईभोवती फिरणारी झणझण, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. इतके आवाज शोषणारे पॅनल लावले की वरचे सूर आधी आणि जास्त जातात, खालचे मागे राहतात. वाद्याला थोडी खोली हवी असते.

मागच्या तिन्ही पॅनलवर उभ्या लाकडी पट्ट्या लावतो. साधारण निम्मा भाग झाकायचा, फटींची रुंदी मुद्दाम कमी-जास्त. वरचे सूर पट्ट्यांवरून विखरून परत येतील, खालचे फटींतून आत जातील.

९ फेब्रुवारी

पट्ट्या लागल्या. 'ना' परत आला.

१० फेब्रुवारी

शेवटचं मापन. ८२ चा डोंगर १३ डेसिबलवरून ५ वर, आणि तो विरायला आधी ९०० मिलिसेकंद लागायचे ते आता ४००. १०० चा खड्डा गेला, २१४ ला तीन डेसिबलचा खळगा आहे, तो ऐकू येत नाही. मधल्या सुरांचा उतार ०.२९ सेकंद.

४१ हर्ट्झ फारसा हलला नाही. त्याची पाव तरंगलांबी २.१ मीटर, ४२ सेंटिमीटरचा सापळा त्याला पुरत नाही. त्यासाठी बंद पेटीवर ताणलेला प्लायचा पत्रा हवा, जो स्वतः त्याच सुराला हलेल. १२ मिलिमीटर प्लायसाठी हिशोब केला तर पेटी ३० सेंटिमीटर खोल येते. काकांना चित्र दाखवलं. पेटी हवाबंद लागेल हे ऐकून त्यांनी चित्र घरी नेलं.

१२ फेब्रुवारी

ताईचं पहिलं वाचन. जुन्या खोलीत तिला माइकच्या अगदी तोंडाशी बसावं लागायचं, कारण एक वीत मागे सरकलं की भिंती बोलायला लागायच्या. आज ती दोन वीत मागे बसली, मान मोकळी ठेवून. आवाज भरीव आला, शब्दांचे शेवट सुटे आले. तिसऱ्या पानावर ती स्वतःच थांबली.

"काहीतरी करकरतंय."

हेडफोन लावून पाहिलं. खुर्ची. ती करकर आधीही असणार, पण घुमाऱ्याखाली झाकलेली. पान उलटण्याचा आवाजही आता स्पष्ट येतो, म्हणून पुढची पानं सुटी करून टेबलावर पसरली. खुर्चीच्या मागच्या डाव्या पायाचा स्क्रू पिळला, खाली नमद्याचा तुकडा लावला. मग चौदा पानं सलग झाली.